मोटार अपघात आणि भरपाईचा हक्क

रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते, पोलीस येतात, जखमींना दवाखान्यात नेले जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि लोक ती गोष्ट विसरून जातात. परंतु ज्या घरातील कर्ता माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला, त्या घराची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. घरभाडे, मुलांचे शिक्षण, वाण्याची उधारी, औषधपाणी यांपैकी काहीही थांबत नाही. थांबते ती केवळ मिळकत. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक माणसे घरी परतली नाहीत.

अशा घरांसाठी कायद्याने एक मार्ग आखून ठेवला आहे; पण त्या मार्गाने जाण्यास पुष्कळ माणसे कचरतात. ‘गेलेल्या माणसाचे का पैसे करायचे?’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण तर आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. या दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. तथापि त्यांच्यापायी विधवा स्त्रिया व पोरकी मुले आपल्या न्याय्य हक्काला मुकतात. म्हणून ही भरपाई म्हणजे नेमके काय, ती कशी मोजतात आणि कशी मिळवावी, हे आपण थोडक्यात पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. माणसाची किंमत कोणतेही न्यायालय करीत नाही. न्यायालय हिशेब करते तो निराळा. हा माणूस जिवंत असता तर त्याच्या कष्टातून घरी काय आले असते आणि ते न आल्याने घरच्यांचे किती नुकसान झाले, एवढेच ते पाहते. हे नुकसान ज्याच्या हलगर्जीपणामुळे झाले, त्याने ते भरून द्यावे, हा साधा न्याय आहे. कोणाच्या गाडीने आपली भिंत पाडली, तर ती बांधून मागताना आपणांस संकोच वाटत नाही. मग घराचा आधारस्तंभच कोसळला असता तो का वाटावा?

हा साधा न्याय कायद्यात येण्यास मात्र बराच काळ लागला. १८०८ साली इंग्लंडमधील एका खटल्यात असे ठरले की, माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येत नाही. याचा परिणाम विचित्र झाला. एखाद्याला जखमी केले तर भरपाई द्यावी लागे. पण तो जागच्या जागी ठार झाला, तर त्याच्या घरच्यांना काहीच द्यावे लागत नसे. आगगाड्या सुरू झाल्या, अपघात वाढले, तेव्हा १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा दोष दूर केला, आणि त्याच धर्तीवर १८५५ साली हिंदुस्थानात प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. त्या कायद्याने हक्क दिला खरा. परंतु दिवाणी दावा, त्याचा स्टँप आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या तारखा गरिबाला परवडणाऱ्या नव्हत्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीमालकावर विम्याची सक्ती आणली. ती १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने केवळ मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे स्थापन करण्याची तरतूद झाली. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा चालू आहे. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातील भरपाईविषयीची कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

यात विम्याचे स्थान काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. धडक देणारा ट्रक-ड्रायव्हर स्वतः गरीब असतो. त्याच्याकडून लाखो रुपये वसूल होणे शक्य नसते. म्हणून रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा निदान ‘त्रयस्थाच्या हानीचा विमा’ असलाच पाहिजे, असा कायदा आहे. त्रयस्थ म्हणजे विमा उतरविणारा मालक व विमा कंपनी यांच्याखेरीज तिसरा मनुष्य. वाटेने जाणारा पादचारी, सायकलस्वार किंवा दुसऱ्या गाडीतील प्रवासी. त्याची हानी झाल्यास विमा कंपनी पैसे देते. एक मर्यादा येथे ध्यानात ठेवावी. स्वतःच्याच चुकीने घसरून पडलेल्या चालकाला या विम्यातून भरपाई मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा निराळा उतरवावा लागतो.

आता भरपाई मोजतात कशी, ते पाहू. अंकगणिताच्या तासाला आपण त्रैराशिके सोडवितो. हा हिशेब त्याहून अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये व पुढे २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे या हिशेबाची रीत निश्चित केली आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. स्वतःचे शिवणकामाचे दुकान चालविणारा एक ३८ वर्षांचा गृहस्थ ट्रकखाली सापडून मरण पावला. त्याची मासिक प्राप्ती २०,००० रुपये होती. मागे पत्नी, दोन मुले व वृद्ध आई, अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून आहेत.

वर्षाची प्राप्ती झाली २,४०,००० रुपये. हा मनुष्य जगता तर त्याची मिळकत पुढे वाढली असती. म्हणून स्वतंत्र धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसाच्या बाबतीत ४० टक्के वाढ धरतात. (कायम नोकरी असती तर ती ५० टक्के धरली असती.) हे ९६,००० मिळविले की ३,३६,००० होतात. यातून तो स्वतःच्या जेवणखाणासाठी व कपड्यांसाठी काही खर्च करीत असे. चार ते सहा माणसे अवलंबून असतील तर हा खर्च एक चतुर्थांश धरतात. ते ८४,००० वजा जाता २,५२,००० उरतात. ही झाली घरच्यांची एका वर्षाची हानी. ही हानी किती वर्षांची धरावयाची, यासाठी वयानुसार ‘गुणक’ ठरवून दिला आहे. १५ ते २५ वर्षे वयाला तो १८ आहे. वय वाढेल तसा तो उतरत जातो, ४१ ते ४५ वर्षांना १४ होतो आणि पासष्टीनंतर ५ उरतो. ३६ ते ४० वर्षांचा गुणक १५ आहे. २,५२,००० ला १५ ने गुणिले म्हणजे ३७,८०,००० रुपये येतात. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी आणि पती, पिता किंवा पुत्र यांच्या सहवासाला मुकल्याबद्दलची रक्कम निराळी मिळते. अर्ज दाखल झाल्या दिवसापासून व्याजही मिळू शकते.

आता कल्पना करा की, अपघातानंतर दहाव्या दिवशी कोणी मध्यस्थ त्या घरी आला, दोन लाख रुपये पुढे ठेवले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर त्या बाईचा अंगठा मागू लागला. दुःखाने वेडीपिशी झालेली आणि दुकानदारांच्या तगाद्याने गांजलेली ती माउली कदाचित अंगठा देईल. सदतीस लाखांवर असलेला हक्क दोन लाखांत जाईल, आणि तो गेला हे तिला कळणारही नाही. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलाने वरील हिशेब कागदावर मांडून दाखविला, तर तो अंगठा वेळीच थांबेल. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग कोणता?

येथे कोणी विचारील, की जिला पगार नाही त्या आईचे काय? ती अपघातात गेली, तर घराची आर्थिक हानी झालीच नाही काय? पूर्वी असे म्हणणारे पुष्कळ होते. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी घरकाम हेच आपले मुख्य काम सांगितले होते. असे सांगणारे पुरुष ५८ लाखांच्या आसपास होते. पहाटेच्या चुलीपासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत चालणाऱ्या या कामाला मोल नाही, असे कायद्याने तरी म्हणू नये. १९८९ साली जमशेदपूर येथे एका समारंभात लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. त्यानंतर ही दृष्टी मोटार अपघातांच्या दाव्यांतही रुजली. २०२१ मधील एका निकालात तर गृहिणीचे उत्पन्न कल्पून घेताना त्यातही भविष्यकाळची वाढ धरली पाहिजे, असे सांगितले गेले. म्हणून ‘ती काही कमावत नव्हती’ असे कोणी म्हटल्यास ते मान्य करण्याचे कारण नाही.

जखमी माणसाचा हिशेब थोडा निराळा आहे. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना यांखेरीज पुढील आयुष्यातील कमाई किती घटली, हे पाहावे लागते. डॉक्टरांच्या दाखल्यावर शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते. परंतु कमाईची घट तेवढीच असते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा भेद हात तुटलेल्या माणसाच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. एक हात गेला तर सुताराचा किंवा मोटारचालकाचा धंदाच बुडतो. पण कचेरीतील कारकून आपले काम बहुधा पुढे चालवू शकतो. तेव्हा दाखल्यावरील आकडा एक असला, तरी दोघांची हानी एक नव्हे. आपण काय काम करीत होतो आणि आता त्यातले काय करता येत नाही, हे न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी सांगितले पाहिजे.

हक्क असला तरी तो कागदांवर उभा राहतो, हे विसरून चालणार नाही. अपघात झाल्याबरोबर पहिले कर्तव्य जखमीचे प्राण वाचविण्याचे. ११२ या क्रमांकावर खबर द्यावी आणि जवळच्या दवाखान्यात न्यावे. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आगाऊ पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, असे संरक्षण कायद्यानेच दिले आहे.

त्यानंतर वाहनाचा क्रमांक, वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्यांची नावे टिपून ठेवावी. पोलिसांत फिर्याद द्यावी. फिर्याद देणाऱ्यास तिची प्रत विनामूल्य मिळते. घटनास्थळाचा पंचनामा, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याची कागदपत्रे, औषधांची प्रत्येक पावती, वयाचा दाखला, मिळकतीचा पुरावा आणि धडक देणाऱ्या वाहनाची नोंदणी, विमापत्र व चालकाचा परवाना यांच्या प्रती एका पिशवीत जपून ठेवाव्या. मिळकतीचा पुरावा नसणे ही आपल्याकडील मोठीच अडचण आहे. दुकानाची वही, बँकेचे पासबुक, मालकाचे पत्र, यांपैकी जे असेल ते उपयोगी पडते.

पोलिसांवरही यात कर्तव्य सोपविले आहे. नियमाप्रमाणे त्यांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि न्यायाधिकरणाने तो अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनच मानावयाचा असतो. तरीही वारसांनी आपला स्वतंत्र अर्ज करण्यात हयगय करू नये. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी त्या वादावर विसंबून दिवस घालविणे शहाणपणाचे नव्हे.

अर्ज कोठे करावा, हा प्रश्न आपल्या बेळगाव भागातील लोकांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. आपली माणसे कामधंद्यासाठी आणि सोयरिकीसाठी नित्य कोल्हापूर, पुणे, पणजी या वाटांवर असतात. त्यामुळे घर एका राज्यात आणि अपघात दुसऱ्या राज्यात, असे वारंवार घडते. कायद्याने येथे मोठी सोय केली आहे. अपघात जेथे घडला तेथील, अर्जदार जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरण, यांपैकी कोणतेही अर्जदाराने निवडावे. साताऱ्याजवळ अपघात झाला तरी बेळगावच्या विधवेला दर तारखेस साताऱ्याला जाण्याचे कारण नाही. मात्र कागदपत्रे मराठी, कन्नड, इंग्रजी अशी निरनिराळ्या भाषांत येतील. जी भाषा आपणांस वाचता येत नाही, तिच्यातील कागद जाणत्या माणसाकडून समजून घेतल्यावाचून सही करू नये.

न्यायाधिकरणापुढे चालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो; परंतु फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा येथे लागत नाही. कोणती गोष्ट अधिक संभवनीय वाटते, यावर निर्णय होतो. मृताची वा जखमीची स्वतःचीही काही चूक असेल, तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. जेथे चूक सिद्ध करणे कठीण असते, तेथे दुसरा मार्ग आहे : चुकीचा प्रश्न न काढता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपयांची ठराविक भरपाई. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीस ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज प्रांताधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो.

वकिलाच्या फीची धास्ती पुष्कळांना वाटते. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून खटला घेणे भारतातील वकिलांना त्यांच्याच व्यवसायाच्या नियमांनी मना आहे, हे पक्के लक्षात ठेवावे. ‘निम्मे तुम्हांला, निम्मे आम्हांला’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया व बालके यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत त्याची चौकशी करावी. तडजोडीसाठी लोकअदालतीचा मार्गही चांगला आहे. परंतु तेथील निवाड्यावर अपील होत नाही, सबब आकडा नीट पारखूनच संमती द्यावी. न्यायाधिकरणाचा निवाडा अमान्य असेल, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवण्याची पद्धत आहे. नातलगांच्या हाती पैसा पडून मुले उघडी पडू नयेत, हा तिचा हेतू होय.

विद्यार्थी मित्रांनो, या विषयाची दुसरी बाजूही आपल्याशी निगडित आहे. आज आपण भरपाई मागणाऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिले; उद्या ती देण्याची पाळी आपल्या घरावर येऊ शकते. परवाना नसलेल्या मुलाने वडिलांची मोटारसायकल बाहेर काढली आणि कोणी दगावले, तर विमा कंपनी पीडितांना दिलेली रक्कम वाहनाच्या मालकाकडून वसूल करून घेऊ शकते. शिवाय पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होण्याची, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना न मिळण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. विम्याची मुदत संपलेली असेल तर सारी भरपाई मालकाच्या घरादारावरच येते. म्हणून आज सायंकाळी घरातील वाहनाचे विमापत्र काढून त्यावरील अखेरची तारीख वाचावी. ती उलटून गेली असेल, तर नवा विमा उतरेपर्यंत ते वाहन दाराबाहेर पडू देऊ नये.

अपघाताने गेलेला जीव कोणतीही रक्कम परत आणीत नाही. तथापि त्या रकमेने मुलीची शाळा सुटत नाही, म्हाताऱ्या आईचे औषध थांबत नाही आणि विधवेला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. ही दया नव्हे. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याने ते भरून देण्याचे हे कायद्याने ठरविलेले देणे आहे. ते मागण्यात कमीपणा नाही.